ओल्यावरून

पत्र एका परिच्छेदाचं होतं.
त्यात 'समायोजन' तीनदा, माझं नाव एकदा,
तेही चुकलेलं. यमूलचं यमुळ.
सोमवारपासून डाईंग हाऊस पुण्याच्या ग्रुपकडे,
शेड बघायला मशीन,
आणि मी, इरेश यमूल, रंगमास्तर, सव्वीस वर्षं,
पहिल्या मजल्यावर, एसीत,
ग्राहक संपर्क.

"पगार तोच," कौस्तुभ सर म्हणाले, "उलट घाम नाही."
मे महिन्यात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
घाम नाही म्हणजे आशीर्वादच म्हणायचा.
मी मान हलवली.
हेडफोन कानाला घट्ट बसतो.
खाली जिगर फिरतंय, त्याचा आवाज येतो,
पण शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देतो ना,
तसा. आपल्यासाठी नसलेला.

माझं काम काय होतं ते नीट सांगता येत नाही.
सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीशी
ओला तुकडा धरायचा
आणि त्यात उद्याचा वाळलेला बघायचा.
बास, एवढंच.
मोरपिशीत काळा चिमूटभर कमी पडलाय
हे डोळ्यांना आधी कळायचं, मग मला.
सायन्ना मास्तर सांगायचे,
ओल्यावरून ठरवू नकोस रे,
ओलं कापड दोन घरं गडद दिसतं.
खोटं बोलत नाही ते,
घाईत बोलतं.

आता समोर छापील वाक्यं.
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
स्क्रीनच्या उजेडामुळे रंगात फरक दिसू शकतो.
पाच मिनिटांवर कॉल गेला
की कोपऱ्यात लाल आकडा लुकलुकतो.
ते लाल बिघडलंय. नारिंगीकडे झुकतंय.
कुणाला सांगू?

पद्मजा भाकरी थापता थापता माझे हात बघते.
"एमैंदी," म्हणते, "फार स्वच्छ झालेत."
लग्नाकार्यात हेच हात मी पाठीमागे धरायचो,
नखांत कायम निळं.
चार महिन्यांत मुळाशी गुलाबी आलंय,
निळं वर वर सरकत
टोकाला, दोऱ्याएवढं.
शनिवारी नेलकटर उचललं.
पुन्हा डब्यात टाकलं.

बुधवारी नागपूरहून एक बाई.
टॉवेलचा रंग पोराच्या पांढऱ्या शर्टाला लागला,
शर्ट मुलाखतीचा, मुलाखत उद्या.
ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.
लॉट विचारला. चव्वेचाळीस सतरा.
तो लॉट माझ्या हातचा.
त्या आठवड्यात पाणी पाचव्या दिवशीही आलं नव्हतं,
टँकर अर्धा,
गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय,
आणि शेवटची धुलाई राहिली.
मी नको म्हणालो होतो.
मग सही केली होती.

कागदावर बोट ठेवलं. स्क्रीनच्या उजेडामुळे,
एवढं वाचलं, आणि पुढचं वाचलंच नाही.
"ताई, चूक आमची. माझीच.
शर्ट वाळू देऊ नका. इस्त्री तर नकोच नको.
गरम पाणी, साबण. पाणी फेका. पुन्हा गरम पाणी.
हो, मी आहे फोनवर. करा तुम्ही."
बादलीत नळ पडत होता, मी ऐकत होतो.
"कसं दिसतंय पाणी?"
"निळं."
"कसलं निळं?"
ती थांबली. मग म्हणाली,
"पोराच्या शाळेच्या पाटीवरच्या रेघांसारखं."
"तिसऱ्या पाण्याला जाईल," म्हटलं.
बावीस मिनिटं.
कॉलचा प्रकार निवडा:
रंग, माप, उशीर, इतर.
इतर दाबलं.

शर्ट निघाला की नाही, कळलं नाही.
फोन फक्त तिकडून येतात.

शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलं.
कौस्तुभ सरांनी रेकॉर्डिंग लावलं,
वहीत काहीतरी लिहीत राहिले.
'चूक आमची'पाशी पेन थांबलं त्यांचं.
मी माझा आवाज ऐकत होतो.
ओळखीचा वाटेना.
दोन घरं गडद.

ओला असेल अजून.